कळवणच्या कॅसेटमधला ओरडा

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा सासरच्या घरातली एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची, कपाटावरचा टेप खाली उतरायचा आणि तीन मोठी माणसं त्याच्याभोवती बसून कडाकडा भांडायची. मला वाटलं, घराच्या वाटणीवरून काहीतरी चाललंय. चहा घेऊन गेले तेव्हा कळलं, भांडण एका गाण्यावरून होतं. गाणं एकच, गाणाराही एकच. वाद एवढाच की ते हरसूलला जास्त चांगलं झालं, कळवणला झालं, की आमच्या नाशिकला.

गाणारे म्हणजे शाहीर. आमच्या समाजात त्यांना कोणी नावानं ओळखायचं नाही, नुसतं शाहीर म्हटलं की पुरे. मी जन्मले त्याच्याही आधीपासून त्यांची गायन पार्टी जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या लग्नाला गावोगाव फिरत होती. ढोलकी, बेंजो, पेटी आणि मागे कोरसला चारपाच जण. मुंबईच्या एका कंपनीनं त्यांची रेकॉर्डही काढलेली होती. ती आमच्या घरी होती, पण रविवारी तिला कोणी हात लावत नसे.

"ती ऐकताना वाटतं, माणूस फोटो काढून घ्यायला बसलाय," मावशी म्हणायच्या. "केस विंचरून, श्वास धरून."

मावशी म्हणजे समोरच्या घरातल्या. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. रात्रपाळी करून आल्या तरी झोपायच्या आधी आमच्याकडे येऊन बसायच्या. दुसरे माझे सासरे. त्यांना घरात सगळे आबा म्हणत. कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. आणि तिसरे गुरुजी, प्राथमिक शाळेतले. ते इंदिरानगरला नव्यानं घर बांधून राहायला गेले होते. तिकडे तेव्हा घरांपेक्षा मळेच जास्त. सायकल मारत यायचे आणि हँडलला कॅसेटची पिशवी अडकवलेली असायची.

हे सगळं रेकॉर्डिंग गुरुजींचंच. देवळालीच्या एका फौजी माणसाकडून त्यांनी बॅटरीवर चालणारा टेप घेतला होता. शाळेला सुट्टी असली आणि शाहिरांचा कार्यक्रम कुठे लागला असला की गुरुजी एसटीत बसायचे. स्टेजच्या कडेला टेप ठेवायचा, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माईकवर हातरुमाल बांधायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत जवळून हलायचं नाही. "माझं गाणं ऐकायचं नेहमी राहूनच जातं," ते सांगायचे. "मी चाकं फिरताहेत की नाही ते बघत असतो. गाणं मी घरी येऊनच ऐकतो."

ज्या गाण्यावरून एवढी भांडणं व्हायची त्याला ही मंडळी 'विहिरीचं गाणं' म्हणायची. गावच्या विहिरीवर पाणी भरायला मनाई असलेली एक बाई, तिची नदीपर्यंतची पायपीट, आणि शेवटी ती त्याच विहिरीत आपला पोहरा सोडते, असं ते होतं.

आबांना नाशिकचं आवडायचं. पार्टी पूर्ण, दोन ढोलक्या, माईक चांगला. "सगळं कसं जागच्या जागी," असं त्यांचं म्हणणं.

मावशींचं हरसूल. तिथे ऐन गाण्यात माईक बंद पडला होता. शाहीर स्टेजवरून उतरले आणि बाजाराला आलेल्या बायकांच्या पुढ्यात उभे राहून नुसत्या घशानं गायले. "त्या कॅसेटमध्ये त्यांचा दम लागलेला ऐकू येतो," मावशी सांगायच्या. "दमलेला माणूस खोटं गात नाही."

आणि गुरुजींचं कळवण. कारण कळवणला शाहिरांनी एक अंतरा जास्तीचा म्हटला होता. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये नाही, हरसूलला नाही, नाशिकला नाही. गिरणेकाठची बाई आणि तिचा हंडा, असा काहीतरी तो अंतरा होता आणि तो सुरू झाला की गुरुजी डोळे मिटायचे.

"सगळं मान्य," आबा म्हणायचे, "पण त्याच्या आधी तो रेडा ओरडतो त्याचं काय?"

कारण कळवणच्या कॅसेटमध्ये, गाणं संपत येऊन शाहीर शेवटचा स्वर लांबवत असताना, जवळूनच कोणीतरी मोठ्यानं ओरडत असे. काय ओरडतोय ते कळत नव्हतं. टेप त्याच्या शेजारीच असणार, आवाज नुसता फाटायचा.

"पिऊन आला असेल मेला," मावशी म्हणायच्या.

हे सगळं मी चहाचे कप देता देता ऐकत होते. मग एका रविवारी कळवणची कॅसेट माझ्यासमोर पहिल्यांदाच लागली. गाणं सुरू झालं, रंगत गेलं, आणि तो ओरडा आला.

ते माझे वडील होते.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते काविळीनं गेले. आमचं गाव कळवणपासून जवळच. ते विहिरी खोदायच्या कामावर जायचे, खडकाला सुरुंग लावायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्या धडाक्यांनी त्यांचा एक कान पार गेला होता आणि दुसरा जाण्याच्या वाटेवर होता. त्यामुळे आपण केवढ्यानं बोलतो ते त्यांचं त्यांना कळत नसे. ते घरात साधं पाणी मागायचे तेव्हा शेजारचे दारात यायचे. गाण्याला गेले की अगदी पुढे, स्टेजला टेकून बसायचे, तिथे ढोलकी छातीला लागते म्हणून.

त्यांचा एक फोटो आमच्याकडे होता. आवाज कुठेच नव्हता. असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. नवी सून, तीन महिने झालेले. सगळे हसत होते, त्यांच्यात जाऊन काय सांगणार? दुपारी मंडळी गेल्यावर आबांना एवढंच विचारलं, "आबा, ती कळवणची कॅसेट मी परत लावू का?"

आबांना कोण आनंद झाला. "लाव की! तुला पण लागलं म्हणायचं याड!"

मी ती लावली, मागे घेतली, परत लावली. शब्द मला पहिल्या खेपेलाच कळले होते. तरी परत परत ऐकत राहिले.

पुढच्या रविवारी गुरुजी आले ते एक बेत ठरवूनच. जयंतीला विहारावर लाऊडस्पीकर लागणार होता, त्यावर कळवणचं गाणं लावायचं. मेनरोडला एका दुकानात दोन कॅसेटचा मोठा टेप होता. तिथे दुसरी कॅसेट भरून घ्यायची आणि भरताना मधला ओरडा गाळायचा. "मग जुनी पुसून टाकू," गुरुजी म्हणाले. "तिच्यावर यंदाचा कार्यक्रम घेता येईल."

"सुटलो एकदाचे त्या रेड्यापासून," मावशी म्हणाल्या.

माझ्या हातात ट्रे होता. तो मी खाली ठेवला.

"पुसू नका," मी म्हटलं. "ते माझे वडील आहेत."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग टेपकडे बघितलं.

"तुझे वडील? कशावरून गं पोरी?"

मग मी सांगितलं. सुरुंगाचं, कानाचं, स्टेजला टेकून बसण्याचं. "ते पीत नव्हते," हेही सांगितलं. ते सांगताना मात्र मला रडू आलं.

मावशी उठून माझ्याजवळ आल्या. "मी तुझ्या बापाला रेडा म्हटलं गं!"

"आईपण म्हणायची," मी म्हटलं. रडता रडता मला हसूही आलं.

गुरुजी पुढे सरकले. "ताई, ते काय म्हणताहेत ते तुला कळतं? आम्हाला आजवर एक अक्षर लागलेलं नाही."

"शाहीर, पुन्हा घ्या! हंडा अजून भरला नाय!" मी म्हटलं. "घरी जेवताना त्यांना आणखी वाढून हवं असलं की असंच म्हणायचे. हंडा भरला नाय अजून."

गुरुजींनी कॅसेट मागे घेतली. बटण दाबलं. शाहिरांचा लांबत गेलेला स्वर, त्याच्यावर वडिलांचा ओरडा. शब्द माहीत झाल्यावर ते आता सगळ्यांनाच स्वच्छ ऐकू आले. त्यानंतर पेटी क्षणभर थांबते, शाहीर हसल्यासारखा आवाज येतो, आणि मग तो जास्तीचा अंतरा सुरू होतो. गिरणेकाठची बाई. तिचा न भरलेला हंडा.

गुरुजींनी सतरंजीवर थाप मारली. "अहो, म्हणून! म्हणून हंडा आला! मी समजत होतो, शाहिरांनी हा अंतरा घरून बांधून आणलाय."

आबा म्हणाले, "त्यांनी मागितला म्हणून मिळाला."

कॅसेट अर्थातच पुसली नाही. जयंतीला विहारावर गाणं लागलं ते ओरड्यासकट लागलं. वस्तीतली पोरं दोन दिवस एकमेकांना "हंडा भरला नाय" म्हणत हिंडत होती.

त्याच जयंतीला शाहीर नाशिकला आले. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी त्यांना चहाला बोलावलं. मी त्यांना इतक्या जवळून प्रथमच पाहत होते. स्टेजवर केवढे वाटायचे, खुर्चीत बसले तर साधे, थकलेले, गळ्याला मफलर गुंडाळलेले गृहस्थ. घसा बसला होता. चहा नको म्हणाले, गरम पाणी मागितलं.

गुरुजींनी कॅसेट लावली आणि मी कोण, काय, ते सांगितलं. शाहीर मान खाली घालून ऐकत होते. गाणं संपलं तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, खोटं कशाला बोलू, मला माणूस आठवत नाही. समोर झगझगीत दिवा असतो. त्याच्यापुढे अंधारच दिसतो आम्हाला."

माझा चेहरा पडला असावा. कारण ते लगेच पुढे बोलले.

"पण हा अंतरा मी परत कधी म्हटलेला नाही. दोनदा प्रयत्न केला, जमला नाही. आज कळलं, का जमला नाही ते." मग गुरुजींना म्हणाले, "मास्तर, याची एक कॅसेट मला द्या. माझ्याकडे माझं स्वतःचं काहीच नाही. ती कंपनीची रेकॉर्ड तेवढी आहे, ती माझी बायको लावू देत नाही. म्हणते, तुम्ही त्यात आजारी वाटता."

मावशी इतक्या खूश झाल्या की त्यांनी शाहिरांना गुळण्यांसाठी औषध आणून दिलं.

त्या वर्षअखेरीला माझं पहिलं बाळंतपण आलं. खरं म्हणजे मी माहेरी जायची, पण तिकडे आई एकटी. म्हणून आईच नाशिकला आली, पहिल्यांदाच. तिला कॅसेटचं कसं सांगावं, या विचारात मी आठवडा काढला. नवऱ्याचा आवाज असा एकदम कानावर पडला तर तिला काय होईल, हीच भीती. शेवटी आबांनीच विषय काढला. आई म्हणाली, "लावा की मग. वाट कसली बघता?"

रविवारची बैठक भरली. आई भिंतीला टेकून, पदर सावरून बसली. गुरुजींनी गाणं बरोबर ओरड्याच्या जरा आधी आणून ठेवलं होतं. बटण दाबलं. वडील ओरडले.

आम्ही सगळे आईच्या तोंडाकडे बघत होतो. ती टेपकडे बघत होती. मग म्हणाली, "किती येळा सांगितलं या मानसाला, मधी वरडू नको." आणि डोळ्याला पदर लावला. थोड्या वेळानं तिनं तो काढला आणि गुरुजींना म्हणाली, "दादा, सुरवातीपासून लावा. गानं तर ऐकू द्या मला."

तेव्हा मला आठवलं. त्या कार्यक्रमाला आई गेलीच नव्हती. गाय व्यायला झाली होती, म्हणून ती घरी थांबली होती. वडील सकाळी परत आले आणि अंगणातच त्यांनी तिला सगळा कार्यक्रम म्हणून दाखवला. पुढेही कितीतरी वर्षं ते हे गाणं म्हणत राहिले. आईला गाणं ठाऊक होतं ते तेवढंच.

आता ती ते पहिल्यांदा ऐकत होती. संपेपर्यंत हलली नाही.

"चाल अशी हाय व्हय," ती म्हणाली. "त्यो तर सगळीच चुकीची म्हनायचा."

आई तीन महिने राहिली. मुलगी झाली, तिला मांडीवर घेऊन ती रविवारी बैठकीत बसू लागली. गुरुजींनी तिला एक एक करून सगळ्या कॅसेट ऐकवल्या. ती निघायची वेळ आली तेव्हा आबांनी मुद्दाम विचारलं, "मग विहीणबाई, तुमचं मत कुणाला? नाशिक, का हरसूल, का कळवण?"

गुरुजी हसायलाच लागले. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

आईनं चांगला विचार केला. "हरसूल," ती म्हणाली. "कळवणचं चांगलं हाय, पन त्यात लय आरडाओरडा हाय."

मावशींनी टाळीच दिली तिला.