माझा परदेशी ताप

मला साखर आहे आणि साखरेपेक्षा अक्कल जास्त आहे, असा माझा जुना समज. आठवडाभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लोकांच्या चुका काढायच्या आणि रविवारी बार्शीकडच्या आमच्या रानात जाऊन शेतकरी म्हणून मिरवायचं. त्या पावसाळ्यात मिरवता मिरवता खुरपं लागलं, अंगठा कापला. त्यावर आमच्याकडचं औषध ठरलेलं, चिमूटभर काळी माती दाबायची.

"अवो, साखर हाय तुमाला. दवाखान्यात चला की," बायको म्हणाली.

"आपल्याच रानातली माती हाय. ती काय करती?"

काय करती ते लवकरच कळलं. ताप चढला, खोकला लागला, छातीच्या फोटोत डाग दिसला. टीबी म्हणून गोळ्या सुरू झाल्या आणि मी वाळतच चाललो. विजार कमरेवर राहीना. घरात कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं. माझा थोरला भाऊ असाच गेला होता. साखर, ताप, टीबीच्या गोळ्या, आणि खेळ खलास. त्याची बायको, आमच्या वहिनी, दिवसभर माझ्या उशाशी बसून राहायच्या. मला मरणाची भयंकर भीती वाटत होती, म्हणून मी भाजीत मीठ कमी आहे यावरून सगळ्यांवर खेकसायचो.

शेवटी दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कुठला जंतू आहे ते बघायला रक्त कल्चरला पाठवलं. आजाराचं नाव निघालं मेलिऑइडोसिस. थायलंड-ऑस्ट्रेलियात पुष्कळ दिसतो, आता जगात नव्या नव्या ठिकाणी सापडतोय, असं त्या म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं! पासपोर्ट नसलेल्या माणसाला परदेशी आजार, असं बाईंना म्हणालोही!

"परदेशी कसला, काका? आपल्याच चिखलात राहतो तो. साखरवाल्यांना आधी धरतो. आपण शोधत नाही, टीबी म्हणून मोकळे होतो. जखमेला काही लावलं होतं का?"

मी पंख्याकडं बघत बसलो. बायकोनं तिखटमीठ लावून सगळं सांगितलं.

आठवडेच्या आठवडे इंजेक्शनं झाली, मग महिनोन् महिने गोळ्या. वाचलो. घरी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी भाषण ठोकायचो. हा जंतू जगभर पसरलाय म्हणायचो, टीबीसारखा एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही, लोक उगाच टीबीच्या गोळ्या खात मरतात, वेळेत कळलं तर माणूस वाचतो, माझ्याकडंच बघा की! एकदा असाच रंगात आलो होतो. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"भाऊजी, मग ह्यांनाबी ह्येच झालं असंल का?"

मी घाईनं चहासाठी हात पुढं केला.

वहिनींनी कप माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "टीबी लागतो म्हणून मी लेकरांना त्यांच्याजवळ जाऊ दिलं न्हवतं. शेवटपत्तर पोरांना हाका मारत हुते."