नमुना निबंधातले वडील

मी आयुष्यात एकच माणूस मारला. तोही कागदावर, आणि तोही दुपारचा चहा पिता पिता.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते आणि शाळा सुटल्यावर दोन गल्ल्या सोडून एका प्रकाशकाच्या ऑफिसात जाऊन दहावीच्या गाइडचं संपादन करत होते. प्रुफं तपासायची, उत्तरं नीट लावायची आणि नमुना निबंध लिहायचे. वर्गात मी घसा फोडून सांगायची, "स्वतःचं लिहा, पोपटपंची नको." संध्याकाळी त्याच पोपटांसाठी डाळ भिजत घालायची. हे दुटप्पीपणाचं आहे हे मला कळत होतं. पण कळणं आणि वळणं यात अंतर असतंच.

'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग' या विषयावर जुन्या आवृत्तीत एक मिळमिळीत सहल होती. प्रकाशक म्हणाले, "बाई, सहल कोन वाचतंय? रडवणारं कायतरी लिवा की. तपासणारा रडला की मार्क सुटतात."

म्हणून मी एक वडील मारले. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, हातात छत्री. सकाळी घराबाहेर पडतात, फाटकापाशी मागे वळून बघतात आणि म्हणतात, "माझ्यासाठी जेवायचे थांबू नका." संध्याकाळी घरी फक्त छत्री येते. माझे स्वतःचे वडील तेव्हा गारगोटीला ठणठणीत होते, पेपर वाचून शेजाऱ्यांशी भांडत होते. निबंधातला माणूस मी कुणावरून घेतला नव्हता. तो नव्हताच कुठे.

पुढच्या वर्षी बोर्डाचे पेपर तपासायला आले आणि गठ्ठ्यागणिक आठ-दहा वडील फाटकातून बाहेर पडायला लागले. पहिल्यांदा मी पोट धरून हसले. एकाचे वडील पहिल्या परिच्छेदात विहिरी खणत होते आणि शेवटी पांढऱ्या सदऱ्यात गेले. एकीने वडिलांच्या जागी मामा घातला होता, पण वाक्य तेच. मग हळूहळू हसू आटलं. पेपर कुठल्या गावचा, कुठल्या मुलाचा हे आम्हाला कळत नसे, नुसते नंबर असत. त्या नंबरांतून तोच एक उंच माणूस घरामागून घर सोडून चाललाय, असं भर दुपारी वाटायला लागलं. एकदा तर मी उठून दाराची कडी घातली. स्वतःचाच राग आला, पण कडी काढली नाही.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी माझ्या वर्गात एक मुलगी होती, जिचे वडील खरोखरच गेले होते. नेसरीकडचे. गुळाची टेम्पो-वाहतूक करायचे. निपाणीच्या पुढे चहाला थांबले, बाकड्यावर बसले, ते उठलेच नाहीत. मग मायलेकी कोल्हापुरात आल्या. आई एका खानावळीत भाकऱ्या करायची. सराव परीक्षेत या मुलीनं माझा निबंध जसाच्या तसा उतरवला. माझा पारा चढला. पेपरवर लाल शाईनं लिहिलं, 'स्वतःचे लिही', आणि तिला स्टाफरूममध्ये बोलावून म्हटलं, "तुझे वडील खरंच गेले, आणि तू गाइडातला बाप लिहितेस? लाज नाही वाटत?"

हे मी बोलले. आज आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

ती रडली नाही. म्हणाली, "बाई, आमच्या पप्पांचं लिवण्यासारखं काय न्हाय. जायच्या आदी तीन दिवस आईचा नि त्यांचा अबोला हुता. भांडाण झालतं. सकाळी काय न बोलताच गेले." मग म्हणाली, "ह्यो निबंध मी रोज संध्याकाळी मोठ्यानं पाठ करते. आई चुलीपाशी बसून ऐकती. आदी रडायची. आता गप बसून ऐकती. म्हणून सोडवत न्हाय, बाई."

मी पेपर परत घेतला आणि लाल शाई खोडली.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा ती तापानं फणफणली, म्हणून हॉल तिकीट द्यायला मी तिच्या घरी गेले. एकच खोली, पण लखलखीत. आईनं चहा ठेवला आणि न विचारताच नवऱ्याचं सांगायला लागली. "जातानं म्हणालं, माझ्यासाठी जेवायचं थांबू नगा. फाटकातनं वळून बघितलं बगा, असं." आणि तिनं मान वळवून दाखवली. ती खोटं बोलत नव्हती. पाहिलेलं सांगणाऱ्या माणसाची नजर मला ओळखता येते. मी कप खाली ठेवला.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. मी हळूच विचारलं, "नेसरीच्या घराला फाटक होतं का ग?"

"फाटक कसलं, बाई? दाराला धड कडी न्हवती."

निकाल लागला, मुलगी चांगली पास झाली. आणि पंधरा दिवसांत आई माझ्यासमोर उभी. हातात गाइड. तिला वाचता येत नव्हतं. शेजारची पोरगी तेच पाठ करताना तिनं ऐकलं होतं. "बाई, ह्यात आमच्या मालकांचं बोलणं हाय. ह्यात कसं आलं?"

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. इतकी वर्षं मुलांना खरं लिहा, खरं लिहा म्हणून झोडपलं, आणि आता खरं बोलायची पाळी माझी होती. खरं सांगितलं असतं तर या बाईकडे तीन दिवसांचा अबोला तेवढा उरला असता. मी म्हटलं, "तुमच्या मुलीनं मला सांगितलं. मला फार आवडलं, म्हणून मी छापलं."

तिनं पुस्तक कपाळाला लावलं. "मग आता ऱ्हातील ते," म्हणाली. मला फार बरं वाटलं. इतकं की घरी जाताना मी स्वतःवरच खूश होऊन अर्धा किलो पेढे घेतले.

त्या भाद्रपदापासून ती दर वर्षी पितृपक्षात, नवऱ्याच्या म्हाळाच्या दिवशी माझ्या घरी यायची. घरचं पान वाढून झालं की दुपारी पुस्तक घेऊन. मी वाचायची, ती ऐकायची. दुसऱ्या वर्षी तिनं मला मध्येच थांबवलं. "हितं एक ऱ्हायलंय, बाई. त्यांनी छत्री उघडली आनि परत मिटली. आभाळाकडं बघून." तिसऱ्या वर्षी आणखी काही. प्रत्येक भर माझ्या लिहिण्यापेक्षा सरस असायची. संपादकाचा हात खाजतोच. पुढच्या आवृत्तीत मी ती छत्री उघडून मिटवली आणि पुढच्या उन्हाळ्यात बोर्डाच्या गठ्ठ्यांत कुठल्या कुठल्या गावांचे वडील आभाळाकडं बघून छत्र्या मिटायला लागले.

अशी बरीच वर्षं गेली. तो माणूस वाढत होता. त्याला खोकला आला, डाव्या हातानं घाम पुसायची सवय आली. मला आता त्याची भीती वाटायला लागली होती, ते मी कुणाला सांगणार? मास्तरीण वेडी झाली म्हणाले असते. एकदा प्रकाशकांना म्हटलं, हा निबंध काढू या. ते म्हणाले, "पोरं त्योच मागत्यात की." मी हट्ट धरला असता तर त्यांनी ऐकलं असतं. पण निबंध काढला तर भाद्रपदात तिला काय वाचून दाखवू? करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो मारुती आता माझ्याच दारात उभा होता.

मुलीचं लग्न झालं, ती गडहिंग्लजला गेली. त्या वर्षी आई आली ती पुस्तकाबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. बसायच्या आधी तिनं ते माझ्या हातात दिलं. आत फ्रेम केलेला फोटो होता. टेम्पोला टेकून उभा असलेला बुटका, गोल चेहऱ्याचा, काळासावळा माणूस. चौकड्यांचा शर्ट. कॅमेऱ्याकडे बघून हसू दाबत होता.

"ह्यो तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोरगी हुती तवर काय वाटत न्हवतं. आता एकली असते, आनि ह्यो परका बाप्या भितीवरनं बघत बसतोय."

मी म्हटलं, "अहो, हे तुमचे मालक."

तिनं माझ्याकडे कनवाळूपणानं बघितलं, म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं. "आमचं मालक उंच हुतं, बाई. तुमीच लिवलंय की."

मग मी सगळं सांगितलं. व्हरांड्यात सांगायला हवं होतं ते इतक्या वर्षांनी. तो निबंध मी ऑफिसात चहा पिता पिता रचला, तसा माणूस कधी नव्हता, तुमचे मालक त्या सकाळी काही बोललेच नाहीत, तुमचा तीन दिवस अबोला होता, तुमच्या मुलीनंच मला सांगितलं. बोलता बोलता मी रडत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसली, पदर सारखा केला.

"कसला अबोला, बाई?" म्हणाली. "वाचा आता. उशीर हुतोय."

फोटो मांडीवर पालथा ठेवून मी पुस्तक उघडलं.