शेवंताची ड्यूटी

त्या सकाळी दवाखान्याच्या जिन्याखाली चहाला मी, रखमा, हौसा आन् नवी जयू, अशा वॉर्डातल्या चौघी आया होतो. शेवंता आली नव्हती. तेवढ्यात चौघींचे मोबाइल एकदम वाजले. आता कुणी नाय आलं की मोबाइलच सांगतो. त्यावर जी आधी बोट लावील तिला ती जादा ड्यूटी. जयूनं लावलं.

"मावशी, शेवंताकाकूची ड्यूटी मला लागली!"

"अगं, पण ती का नाय आली?"

"ते ह्यात येत नाय."

येत नाय! आमच्यात जिनं दुसरीची ड्यूटी धरली, तिनं सुटल्यावर तिच्या घरी जाऊन यायचं, अशी रीत होती. माझा नवरा गेला तवा माझी ड्यूटी धरलेली रखमाच पहिली दारात आली. आता जागा रिकामी दिसायच्या आधीच भरती, मग माणूस कुणाला आठवंल?

सुटल्यावर मीच गेले. शेवंता तापानं फणफणलेली, पाणी द्यायला कुणी नाय. डोळे उघडून म्हणाली, "माझी ड्यूटी कुणी केली गं?"

"जयूनं," म्हणाले, आन् ती इथं आली नाय म्हणून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वाचणाऱ्या बाया-बापड्यांनो, बोट खुशाल लावा. पण सुटल्यावर, जिची ड्यूटी धरली तिच्या घरी तेवढं जाऊन या.