कंबरभर समुद्र

मला पवायला येतं. हे वाक्य सासरी मी सव्वीस वर्षं बोलले नाही, म्हणून इथं सुरुवातीलाच सांगून टाकते.

माहेर बेंबळीचं. वडिलांनी मळ्यातल्या विहिरीत पवायला शिकवलं, पाठीला वाळका भोपळा बांधून. दोन उन्हाळे मी भोपळ्याच्या जिवावर तरंगले. तिसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस त्यांनी न सांगताच दोरी सोडली. वर आले तर भोपळा एकीकडं आणि मी एकीकडं. रडले, चिडले, आणि काठावर चढून पुन्हा उडी मारली. तिथून लग्न होईपर्यंत उन्हाळाभर माझे केस वाळले नाहीत.

मग लोहाऱ्याला आले. सासरच्या शेतात पायऱ्यांची विहीर, पाणी बारमाही. पहिल्याच उन्हाळ्यात मी पदर खोचून पायऱ्या उतरायला लागले, तर सासूबाई ओरडत आल्या आणि शेजारच्या रानातली माणसं दोर घेऊन पळत आली. आमच्या भागात गडी विहिरीत उतरला तर तो पवायला गेला, आणि बाई एकटी उतरली तर जीव द्यायला. ‘आमच्या तोंडाला काळं फासतीस का?’ असं आत्यांनी विचारलं. सासूला मी आत्या म्हणते. ‘पवायला उतरले होते’ एवढंच सांगायचं होतं, तेही मी सांगितलं नाही. गप बसले. त्याचा राग मला अजून येतो, आणि त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांनी कोकणात समुद्र बघायचं ठरवलं. भाड्याची जीप केली. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पिशवीत, अगदी तळाशी, मी एक पंजाबी ड्रेस दडवला. आयुष्यात कधी घातला नव्हता, पण साडी पायात गुंतते हे ठाऊक होतं. एकदा तरी पवायचंच, असं ठरवून निघाले. विचारायचं कुणालाच नाही. विचारलं की लोकांना नाही म्हणायची सोय होते.

किनाऱ्यावर सरकारी उद्यान होतं. सुरूची झाडं, सिमेंटचे बाक, तिकीट काढून आत जायचं, आणि गळ्यात शिट्टी घातलेला एक रखवालदार. आमचे हे पँट दुमडून घोटाभर पाण्यात जाऊन आले, ‘लई भारी’ म्हणाले आणि बाकावर टेकले. बायकांनी काठावर बसायचं असं कुणी म्हणत नव्हतं; फक्त सगळ्यांच्या चपला आणि मोबाईल माझ्याच पुढ्यात येऊन पडत होते. मी मोबाईल ह्यांच्या मांडीवर ठेवले, चपला त्यांच्या पायाशी लावल्या, कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ड्रेस घातला आणि सरळ पाण्याकडं निघाले.

इथून पुढची चूक माझी. विहिरीवर शिकलेल्या माणसाला काठ सोडला की पाय टेकत नाहीत एवढंच माहीत. इथं मी चालतेय, चालतेय, आणि पाणी गुडघ्यालाच. आणखी पुढं गेले तर कंबरेला. म्हटलं, एवढा मोठा समुद्र, आणि पवण्याजोगं पाणी ठेवलंय कुठं? मागं न बघता चालतच राहिले. मागून शिट्टी वाजत होती. विहिरीवर कुणी शिट्टी वाजवत नाही, त्यामुळं ती माझ्यासाठी आहे हे मला कळलंच नाही.

पाणी छातीला लागलं तेव्हा वळून पाहिलं. रखवालदार दोर घेऊन पाण्यात शिरला होता. हे पँटसकट कंबरभर पाण्यात येऊन लाटेसरशी पडत होते. आणि काठावर आत्या ऊर बडवत होत्या. ‘अगं, काय कमी केलं गं आमी तुला?’

तोच दोर, तीच धावपळ. सव्वीस वर्षांत ह्यांना दुसरा अर्थ सुचला नाही. माझं डोकंच फिरलं. पाय उचलले, अंग पाण्यावर टाकलं आणि काठाला समांतर हात मारायला लागले. खारं पाणी नाकात गेलं, डोळे चुरचुरले, पण हात काही विसरले नव्हते.

रखवालदार थांबला. ‘ताई, पोहता येतं तर आधी सांगायचं ना. आत जाऊ नका, असंच काठाकाठानं पोहा.’

‘तुला पवता येतंय?’ ह्यांनी विचारलं. तोंडातली वाळू थुंकत.

‘येतंय. तुमच्या घरात यायच्या आधीपासून.’

पवतच काठाकडं आले आणि आत्यांसमोर उभी राहिले. म्हणाले, ‘आत्या, काय कमी केलं विचारलंत ना? हे कमी केलं.’ आणि पाण्याकडं हात केला. मी फिरले आणि परत पाण्यात गेले. तोवर ह्यांच्या पायातली एक चप्पल लाटेनं नेली होती. ती शोधायचं काम मी ह्यांच्यावरच सोडलं.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी, भर दुपारी, तोच ड्रेस घालून मी आमच्या विहिरीच्या पायऱ्या उतरले. आत्या मागोमाग आल्या आणि वरच्या पायरीवर बसल्या. अडवायला आल्या असतील तर अडवू देत, असं मनाशी म्हणत मी उडी मारली.

वर आले तेव्हा बांधावरून शेजारी ‘दोर, दोर’ ओरडत पळत येताना ऐकू आला. आत्या जागच्या उठल्या नाहीत.

‘पळू नको बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘मरायली न्हाय ती. पवायलीय.’