आकडा तुमीच वाचा

अकोल्यातले आमचे चाचा गाड्यांच्या वायरिंगची कामं करतात, पण व्होल्ट मोजायचं मीटर स्वतः कधीच वाचत नाहीत. दोन्ही पिना लावायच्या, तोंड रस्त्याकडे फिरवायचं आणि म्हणायचं, "आकडा तुमीच वाचा. मी सांगीन तं तुमी मानसान नाही."

माझ्या जुन्या अँबेसिडरची बॅटरी सारखी उतरत होती. अमरावतीच्या मेकॅनिकनं बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला म्हणून सांगितलं, तेव्हा मी नवा विकत घेऊनच चाचांकडे गेलो. "फक्त बसवून द्या," म्हटलं.

"कावून? जुना मेला, हे कोनी पाह्यलं?"

त्यांनी इंजिन चालू ठेवून पिना बॅटरीला लावल्या. "बारा पॉइंट तीन," मी वाचलं. म्हणजे चार्जिंग नव्हतंच. "बघा, मेलाच आहे!" मी ओरडलो.

चाचांनी लाल पिन उचलून थेट अल्टरनेटरवर टेकवली. आता आकडा होता चौदा पॉइंट एक. वीज बनत होती, बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. मधल्या वायरचं टोक हिरवं पडलं होतं.

तरी माझा हट्ट. "आता आणलाच आहे, तर नवाच बसवा. मजुरी देतो ना."

चाचांनी नवं खोकं उचलून माझ्या डिकीत ठेवलं आणि झाकण आपटलं. "दुसरीकडं जा मंग. जित्याले मेला म्हनून मी काढनार नाही."

मी गेलो नाही. वायर बदलून त्यांनी पिना पुन्हा बॅटरीला लावल्या, तोंड फिरवलं.

"चौदा," मी पुटपुटलो.

"जोरानं वाचा, साहेब. मघाशी मेला म्हनत होते, तवा आवाज मोठा होता."