करदोड्याची किल्ली

साकोलीला एका कॉलेजाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत काम करणारे आमचे भोजराज लांजेवार इतके किडकिडीत होते, की शर्ट त्यांनी घातलाय की खुंटीला अडकवलाय, हे जवळ गेल्याशिवाय कळत नसे. बायको शकुनबाई पवनीची, भरल्या अंगाची. महिन्यातले निम्मे दिवस उपास करी, तरी वजन तिळभर हलत नसे. भोजराजांनी त्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढला: बाई चोरून खाते! राखीला तिच्या माहेराहून बेसनाच्या लाडवांचा गच्च भरलेला डबा आला, तेव्हा त्यांनी त्याला कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

एकोणऐंशी सालच्या हरतालिकेला सकाळी आळीतल्या बाया फुलं-पत्री घेऊन जमल्या, तर हे सर्वांदेखत म्हणाले, "निर्जळी म्हंते! निर्जळी राहून कोनी असं फुगून राहते का?"

शकुनबाईची मान खाली गेली. शेजारच्या रेवताबाईंनी तिच्या हातातलं पूजेचं ताट हळूच काढून घेतलं. उपास मोडणारीच्या हातून पूजा कशी करायची?

त्याच दिवशी कॉलेजात फळमाश्यांच्या प्रयोगाचा निकाल होता. दोन वाणांच्या माश्यांना आधी सारखंच खाद्य दिलं, मग दोन्ही बाटल्यांत नुसता ओला कापूस. रोडक्या माश्या मरून पडल्या होत्या. गुबगुबीत अजून काचेवर फिरत होत्या.

"खाल्लं दोघींनी सारखंच," विभागप्रमुख म्हणाले. "फरक एका जनुकाचा. त्याच्यामुळे अंगात चरबी साठते आणि उपाशीपणी तीच पुरते. जन्मासोबत आलेलं ते, माशीचा काय दोष?"

भोजराजांचा हात करदोड्यावर गेला.

संध्याकाळी लांजेवारांच्याच घरी पूजा मांडली होती. हे तडक आत शिरले. "रेवतावहिनी, ताट तिले द्या. तिनं काही चोरून खाल्लं नाही. माश्यांनी दाखवलं मले."

"म्हंजे मी माशी?" शकुनबाई म्हणाली.

"तसं नाही वं! थांब, हे कुलूपच काढतो."

त्यांनी सर्वांसमोर डबा उघडला. तळाशी दोन लाडू होते. बायांनी डब्याकडे पाहिलं, मग किल्लीकडे.

"कुलूप बरोबर हाये का, ते तपासून राहिलो होतो," भोजराज पुटपुटले.

"रोज?" रेवताबाईंनी विचारलं आणि ताट शकुनबाईच्या हाती दिलं.

सकाळपासून घोटभर पाणी न प्यालेल्या शकुनबाईने दोन्ही लाडू नवऱ्यापुढे ठेवले. "घ्या, हेबी खाऊन घ्या. तुमच्या अंगाले कुठं काही लागते!"

आरती संपली तरी भोजराज कोपऱ्यात लाडू हातात धरून बसले होते.