काढलं की सोडली

कामगार खात्याच्या ऑफिसात अधिकाऱ्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, तुम्हाला काढलं की तुम्ही सोडली?" मी भडकले. सोडली असती तर पुण्याच्या टोकाच्या मांजरीहून बस बदलत शिवाजीनगरला कशाला आले असते? ते शांतपणे म्हणाले, "चिडू नका. सगळं यावरच आहे. सोडली असेल तर आमच्याकडे तुमचं काही काम नाही."

खराडीतल्या कंपनीने मला काढलं, ते असं. जेवून जागेवर येते तोच मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, संध्याकाळपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका, म्हणजे अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल. नाहीतर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल." मी राजीनामा टाकला नाही. त्यात हुशारी काही नव्हती, डोकं फिरलं होतं इतकंच. दुसऱ्या दिवशी माझं कार्ड दाराला लागेना. काढल्याचं पत्र मात्र त्यांनी दिलंच नाही.

पण ती मीटिंग आणि हे बंद कार्ड यांच्या मध्ये एक केक कापला गेला. आमच्या ऑफिसात रीतच आहे, माणूस स्वतःहून जावो की हाकलला जावो, केक कापल्याशिवाय जात नाही. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण, मूळची यवतमाळची, मीटिंग रूममधून बाहेर आलेला माझा चेहरा बघूनच समजली. बाथरूममध्ये मी तिला सगळं सांगितलं, तीही रडली. मग डोळे पुसून तिनेच केक मागवला, कारण रिकाम्या हाताने कसं जाऊ द्यायचं? सगळे गोळा झाले. मी सुरी धरली आणि हसले. चारचौघांत रडून तमाशा करायचा नाही, एवढी शिस्त अंगात मुरलेली. मैत्रिणीने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नव्या प्रवासाला शुभेच्छा'.

तक्रार करायची तर आधी कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने लिहायचं की मला कामावर परत घ्या. त्यांनी नाही म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही की मग कामगार खात्यात अर्ज. सोबत नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि कुणी, कधी, कोणत्या शब्दांत काढलं त्याची हकीकत. मुदत असते, ती लांबची वाटते म्हणून लोक गाफील राहतात, असं अधिकारी म्हणाले. मी गाफील राहण्यातली नव्हतेच. मला एका जागी बसवत नव्हतं. गॅसवर दूध ठेवून मोबाईलवर टपाल कुठवर पोचलं ते बघायचे, आणि दूध उतू जायचं. नवरा म्हणायचा, "अगं, दुसरी शोध आणि हे सोडून दे." दुसरी शोधत होतेच. पण मला तीच नोकरी परत हवी होती, आणि ती मी सोडलेली नाही हे कुणीतरी कागदावर मान्य करायला हवं होतं.

कंपनीने उत्तर दिलं नाही, मी अर्ज लिहायला बसले, तर माझा हुद्दा आडवा आला. असिस्टंट मॅनेजर. हा हुद्दा मिळाला तेव्हा सासूबाईंनी सोसायटीभर पेढे वाटले होते. आणि आता कळलं की ही दाद कामगाराला मागता येते, मॅनेजरला नाही.

"हाताखाली किती माणसं होती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"कुणाची रजा मंजूर करायचात?"

"माझीच होत नव्हती."

"मग मॅनेजर कशाच्या?"

"नावाच्या."

"तसं लिहा," ते म्हणाले. "नुसतं नाव चालत नाही इथे, काम काय करत होता ते लिहा." मी लिहिलं. सासूबाईंना ते वाचून दाखवलं नाही.

तडजोडीच्या बैठकीला कंपनीकडून एक गृहस्थ आले. बाई खुशीने गेल्या, असं म्हणत त्यांनी माझा केक कापतानाचा फोटो टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी फोटो पाहिला, मग मला. "काढलं होतं, तर हसत का होतात?" मी म्हटलं, "साहेब, केकसमोर दुसरं काय करतात?" मग त्या गृहस्थांनी आणखी एक कागद पुढे सरकवला. त्या आपणहून गेल्या, आम्ही त्यांना आनंदाने निरोप दिला, असं त्यात लिहिलेलं होतं. खाली माझ्या मैत्रिणीची सही.

तिला शिव्या द्याव्यात असं वाटलं, आणि तिच्यापुढे त्यांनी हा कागद कसा ठेवला असेल तेही दिसलं. त्याच मीटिंग रूममध्ये, त्याच गोड आवाजात.

"तडजोड झाली नाही असं लिहितो," अधिकारी म्हणाले. "आता कामगार न्यायालय. ज्यांनी हे लिहून दिलंय त्यांना तिथे शपथेवर सांगावं लागेल, आणि तुमचा वकील त्यांना प्रश्न विचारेल." घरी पोचेपर्यंत माझे मनातल्या मनात तिला ते सगळे प्रश्न विचारून झाले होते, एकेक प्रश्न आधीच्यापेक्षा वाईट.

मी कोर्टात दावा लावला. नोटीस कंपनीत पोचली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिला.

"तू मला कोर्टात उभी करून राहिली का?"

"मी नाही. तू सही केलीस म्हणून."

"त्यांनी सांगितलं, सही कर नाहीतर पुढचा नंबर तुझा. मला काय विचारणार तिथं?"

"बाथरूममध्ये मी तुला काय सांगितलं, ते."

"नको ना विचारू."

नाही विचारणार असं म्हणणं माझ्या हातात होतं. जिभेवर आलंही होतं.

"विचारणार," मी म्हटलं.

"मग विचारच," ती म्हणाली. "शपथ घेऊन मला खोटं नाही बोलता येत. तुला माहीत आहे." आणि रडायला लागली.

मला हवी होती ती खरी साक्ष मला मिळाली होती. मी फोन कानाला लावून घरभर फेऱ्या मारत राहिले. पुढचा नंबर आता तिचा होता.